गोधडी: कापड कोणतं, पदर किती?

गोधडी धुणार कोण, हे ठरल्याशिवाय कपाटातल्या साड्या बाहेर काढू नका. ओढ्याच्या दगडावर आपटून, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची गोधडी वेगळी. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटीने बादलीत बुडवायची आणि बाल्कनीतल्या दोरीवर टाकायची गोधडी वेगळी. सुती कापड भिजलं की त्याचं वजन दुपटीच्या पुढे जातं. कोरडी असताना तीन किलो भरणारी गोधडी ओली झाल्यावर एकट्या बाईला बादलीतून उचलवत नाही. मग ती धुतली जात नाही, कुबट होते आणि माळ्यावर जाते. फाटून बाद झालेल्या गोधड्यांपेक्षा अशा माळ्यावर गेलेल्या गोधड्याच मी जास्त पाहिल्या आहेत. कापडाची निवड आणि पदरांचा हिशोब यांचा उगम या ओल्या वजनात आहे, म्हणून आधी तेवढं बोलून घेतलं.

गोधडीवर लिहायला बसलं की आजी येते, तिची माया येते, ऊब येते. इथे आजीला जरा बाजूला बसवू आणि गाठोडं सोडू. आणखी एक खुलासा: कापूस भरून शिवतात ती रजई. तिचं तंत्र निराळं, तिला अधूनमधून पिंजारी लागतो. गोधडीत, किंवा कोल्हापूर-साताऱ्याकडे म्हणतात त्या वाकळेत, भरण असतं ते कापडाचंच. त्यामुळे आत काय घालता यावर तिचं सगळं आयुष्य ठरतं.

बोहारणीला द्यायला काढून ठेवलेले कपडे आधी जमिनीवर पसरा. सुती कोणतं आणि मिश्र कोणतं हे हाताला कळतं असं वाटतं, पण धुऊन धुऊन मऊ झालेलं टेरिकॉट भल्याभल्यांना फसवतं. शंका आली तर शिवणीच्या आतल्या बाजूने चार धागे ओढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या वाटीवर जाळून बघा. सुती धागा जळत्या कागदासारखा वास देतो आणि बोटाने भुरभुरते अशी करडी राख ठेवतो. पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर टणक मणी उरतो. केस जळल्याचा वास आला तर ती लोकर किंवा रेशीम. राखही दिसली आणि मणीही लागला, तर कापड मिश्र. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढची दहा-पंधरा वर्षं पांघरायचं ते या पाच मिनिटांवर ठरतं.

सुतीचा ढीग वेगळा झाला की ताकद बघायची. कापड खिडकीपुढे उजेडात धरा. विरलेली जागा लगेच दिसते, तिथे उजेड जास्त झिरपतो. नऊवारी काष्ट्याच्या, बसण्याच्या भागात विरते, सहावारी निऱ्यांच्या खालच्या काठापाशी, धोतर बसण्याच्या जागी, सदरा कॉलरीच्या घडीवर आणि बगलेत. मग दोन्ही अंगठे शेजारी टेकवून कापड उभ्या धाग्यात ओढा आणि आडव्या धाग्यात ओढा. टर्रकन गेलं तर ते फडक्याच्या कामाचं. नुसतं कुरकुरलं तर मधल्या पदरात जाईल. काहीच झालं नाही तर ते बाहेरच्या पदरासाठी राखून ठेवा. विरलेला भाग कापून टाकायला हात आखडतो हे मला ठाऊक आहे, पण विरलेलं कापड गोधडीत घालून वाचत नाही. दोन धुण्यांत त्याचा आत गोळा होतो आणि तो गोळा कोपऱ्यात सरकतो.

आता महत्त्वाचा मुद्दा, आणि इथेच बहुतेक गोधड्या बिघडतात. एका गोधडीतली कापडं साधारण एका वयाची हवीत. दहा वर्षं धुतलेल्या साडीच्या आत दुकानातून आणलेली कोरी चादर घातली की पहिल्याच धुण्यात चादर आटते, साडी आटत नाही, आणि दोन टाक्यांच्या मध्ये साडीला फुगे येतात. पुढे ताण पडतो तो जुन्याच कापडावर, कारण नवं ताठ असतं, ते वाकत नाही. म्हणून नवं कापड घ्यायचंच असेल तर त्याला आधी म्हातारं करावं लागतं. इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागांवरचं मांजरपाट गोधडीला चांगलं, स्वस्त आणि टिकाऊ, पण त्यात खळ भरपूर असते. रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालून दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात साबणाने धुवा, उन्हात वाळवा आणि हेच पुन्हा एकदा करा. खळ राहिली तर कापड आटायचं बाकी राहतं, शिवाय झुरळांना आणि कसरीला आयतं खाणं मिळतं.

रंगाची परीक्षाही याच वेळी घ्या. पांढरा ओला रुमाल गडद कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. रुमालाला डाग पडला तर ते कापड रंग सोडणारं. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, या समजुतीवर मी कधी भरवसा ठेवलेला नाही. लाल, मरून आणि गडद निळ्या जुन्या छापील कापडांच्या बाबतीत तर मुळीच नाही. रंग सोडणारं कापड स्वतंत्र गडद गोधडीसाठी ठेवा किंवा चार-पाच वेळा धुऊन पुन्हा तपासा. आतल्या पदरातून सुटलेला रंग बाहेरच्या फिक्या साडीवर उमटला की तो काढायचा कुठलाच उपाय उरत नाही.

काही कापडं गोधडीपासून लांबच ठेवा. जीन्सचा एक पदर म्हणजे साडीचे चार-पाच पदर इतकं वजन. बसकर करा त्याचं, अंगावर घेऊ नका. टर्किश टॉवेल पाणी पितो आणि सोडत नाही. स्वेटर आणि लोकरीच्या शाली गरम पाण्यात आटतात आणि कसरीला बोलावतात, सुती कापडाच्या संगतीला त्या नकोत. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणलं जातं. ते घालायचंच असेल तर अगदी मधल्या पदरात, दोन्ही बाजूंना विणलेलं सुती कापड देऊन आणि टाके जरा जवळ घेऊन. जरीचे काठ कापून टाका. जर घडीवर तुटते आणि तुटलेली जर हनुवटीला ओरखडते. इरकलीच्या बाबतीत एक बारकावा आहे: अंग सुती असलं तरी पदर बहुधा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. कृत्रिम रेशीम, म्हणजे रेयॉन, ओलं झालं की कमजोर पडतं आणि पिळताना चरकन फाटतं. इरकलीचं अंग घ्या, पदर सोडा.

सिंथेटिक साड्यांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या घरात दुसरं काही नसतंच. गेल्या तीन-चार दशकांत रोजच्या वापरातून सुती नऊवारी हटली, त्यामुळे खेड्यापाड्यांतूनही आज गोधड्या रंगीबेरंगी पॉलिएस्टर साड्यांच्या दिसतात. नाक मुरडण्यासारखं त्यात काही नाही. नेहमीच्या हवेत सुती कापड आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओलावा शोषून धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून सिंथेटिक गोधडीत घाम अंगालाच राहतो. पण त्याच कारणाने ती कोकणातल्या श्रावणात दोन दिवसांत वाळते, सुती गोधडी आठवडाभर ओलसर राहते. माझा सल्ला असा: बाहेरचे दोन्ही पदर सिंथेटिक साडीचे असले तरी चालतील, आत मात्र जुनी सुती चादर किंवा धोतर घाला. पावसाळ्यासाठी आणि प्रवासासाठी ती उत्तम. चुलीजवळ, शेकोटीजवळ झोपणाऱ्या माणसाला मात्र ती देऊ नका. ठिणगी पडली तर सुती कापडाला भोक पडतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. जॉर्जेट आणि शिफॉन यांच्यावर वेळ घालवू नका, ती टाक्याखालून निसटत राहतात.

आता पदर किती? मोजायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. पाच फूट बाय सात फुटांची गोधडी म्हणजे सुमारे सव्वातीन चौरस मीटर कापड एका पदराला. वापरून मऊ झालेल्या सुती साडीचा तेवढा एक पदर साधारण अडीचशे ग्रॅम भरतो, मलमलीचा किंवा जुन्या बारीक धोतराचा दोनशेच्या आसपास, साध्या चादरीचा चारशेच्या पुढे, जीन्सचा एक किलोच्या वर. साडीचे पाच पदर म्हणजे सव्वा किलो. हाताने धुणाऱ्या एकट्या माणसाने दीड किलोच्या आत राहावं. घरगुती यंत्रात धुणार असाल तर दोन किलोपर्यंत जायला हरकत नाही. यंत्राच्या क्षमतेचा आकडा कोरड्या कपड्यांचा असतो हे खरं, पण एकच जाड वस्तू यंत्रात एका बाजूला गोळा होते आणि पिळताना यंत्र घराभर नाचतं.

जाड कापडाचे दोन पदर घेण्यापेक्षा पातळ कापडाचे पाच घ्यावेत, कारण ऊब असते ती कापडांच्या मध्ये अडकलेल्या हवेत. पाच पदरांत चार फटी असतात, दोन पदरांत एकच. धुतल्यावर टाका किंचित आवळला जातो, दोन ओळींच्या मध्ये कापड उचललं जातं, बारीक लाटा येतात आणि हवेला आणखी जागा होते. नवी गोधडी सपाट आणि थंड लागते, पाच-सहा धुण्यांनंतर उबदार होते, त्याचं कारण हेच.

मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत तीन पदर पुरे, त्यातही मधला मलमलीचा. पुण्यात पाच. निफाडकडे थंडीत पारा एक आकड्यावर येतो, तिथे सहा-सात पदरही कमी वाटतील. पण सात पदरांची एक शिवण्यापेक्षा चार आणि तीन पदरांच्या दोन शिवा, म्हणजे थंडीप्रमाणे एकावर एक घेता येतात आणि धुताना दोन्ही हलक्या. अंगाखाली घालायच्या गोधडीला हा हिशोब लागू नाही. तिला आठ-दहा पदर असू द्यात, तिला ऊन दाखवणं जास्त आणि धुणं कमी. तिच्यात जाड चादरी, जुने पडदे, अगदी जीन्सही खपून जाते.

बाहेरच्या पदराचं माप साडीवरून काढायचं असेल तर हे लक्षात ठेवा. सहावारी म्हणजे साधारण साडेपाच मीटर. सात फुटांचे दोन तुकडे काढले की पुढचा आणि मागचा पदर एकाच साडीत निघतो आणि मीटरभर कापड उरतं. पन्हा ४४-४५ इंच असतो, म्हणजे गोधडी पावणेचार फूट रुंद, एका माणसाची. नऊवारी सव्वाआठ मीटरची. तिचे चार सारखे तुकडे पावणेसात फुटांचे पडतात, आणि एका नऊवारीत चार पदरांची अख्खी गोधडी होते. तिच्यात वयाचा, रंगाचा, आटण्याचा कुठलाच तंटा राहत नाही. शिकाऊ हाताने सुरुवात अशाच गोधडीने करावी. पन्हा साडीगणिक बदलतो, तेव्हा कात्री लावण्याआधी टेप लावा. मागचा पदर चारही बाजूंनी तीन इंच मोठा ठेवलात तर तो पुढे वळवून कड तयार होते आणि वेगळी पट्टी लागत नाही.

पदरांची मांडणी अशी: सगळ्यात मजबूत कापड बाहेर, सगळ्यात मऊ अंगाच्या बाजूला, सगळ्यात दुबळं बरोबर मध्ये. फिक्या साडीखाली लगेच गडद किंवा मोठ्या फुलांचं कापड ठेवू नका, ते आतून सावलीसारखं दिसतं. मध्ये पांढरा धोतराचा पदर द्या. सगळ्या पदरांचे उभे धागे एका दिशेला हवेत. एखादा तुकडा तिरका, उरेब पडला तर तो तेवढाच ताणला जातो आणि गोधडीला वाकडेपणा येतो. आतल्या पदरात तुकडे जोडायचे असतील तर कडा दुमडू नका, शिवूही नका, एकावर एक इंचभर चढवून ठेवा. टाका दोन्ही धरतो आणि गाठ लागत नाही. एका पदरातला जोड दुसऱ्या पदरातल्या जोडावर येऊ देऊ नका. गोधडीच्या कडेला अखंड तुकडे ठेवा आणि बारके तुकडे पोटात ढकला, कारण ओढाताण सगळी कडेला असते. गुंड्या, हुक, इलॅस्टिक, खिसे, दुमडलेल्या शिवणी हे सगळं आधीच कापून टाकलेलं असावं. पायजम्याची एक राहून गेलेली नेफ्याची पट्टी रात्रभर पाठीत टोचते.

मांडलेले पदर जमिनीवर ताणून, कोपऱ्यांवर वजनं ठेवून, मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घाला. पक्का धावदोरा मात्र आपल्याकडे कडेने सुरू होऊन चौकोनात फिरत मध्यावर संपतो. उत्तर कन्नडातल्या यल्लापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही कोपऱ्यापासून निघून आत येतात, आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुलं बसवतात. त्यांची एखादी कवंदी पाहायला मिळाली तर कोपरा उलटून बघा. सगळ्यात लवकर झिजणाऱ्या जागी घड्यांचे जादा पदर आलेले असतात.

टाक्यांच्या ओळींतलं अंतर पदरांवर ठरवा. दोन-तीन पदरांना दोन बोटं चालतात. पाच पदरांना एक बोट. आत तुकडे जास्त असतील तर त्याहून थोडं जवळ, नाहीतर ते सरकतात. पण फार दाट टाकेही नकोत, हवा दबते आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. दोरा सुती, मेण लावलेला, आणि कापडापेक्षा किंचित दुबळा. कधीतरी कोणीतरी गोधडी ओढणारच. तेव्हा दोरा तुटावा, कापड फाटू नये. दोरा पुन्हा घालता येतो. नायलॉनचा चिवट दोरा वापरून शिवलेल्या गोधड्यांना टाक्यांच्या ओळीवरच चिरा पडलेल्या दिसतात. पदर सहाच्या पुढे गेले की साधी सुई सोडून मोठ्या नेढ्याची जाड सुई घ्या आणि टाका एका दमात न घेता वरून खाली, खालून वर असा काढा. कामाला दुप्पट वेळ लागतो, हेही पदर ठरवताना धरून चाला.

बाळाचं दुपटं शिवताना दोन पदर पुरे, फार तर तीन, आणि तेही जुन्या मलमलीचे, धोतराचे किंवा बारीक सुती साडीचे. लेस, टिकल्या, गोंडे काही नको. दुपटं गुंडाळायला आणि अंगाखाली घालायला आहे. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत सैल पांघरूण टाकू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, मग ते कितीही हौसेने शिवलेलं असो.

गेलेल्या माणसाची साडी किंवा धोतर घालून गोधडी करायची असते तेव्हा वरचे सगळे नियम थोडे वाकतात. कापड धडधाकट असेल तर ते बिनधास्त बाहेरच्या पदराला वापरा. विरलेलं असेल तर त्याचे हातभर तुकडे करून प्रत्येकाच्या मागे मलमल लावा आणि ते गोधडीच्या मधल्या भागात बसवा, हनुवटीच्या आणि पावलांच्या बाजूला नको. पैठणी असेल तर गोधडी करूच नका. रेशीम आणि जर दोन्ही धुण्यात जातील. तिचा हातभर तुकडा काचेमागे लावलात तर जास्त टिकेल.

परदेशातल्या भाच्या-पुतण्या हल्ली रॅग क्विल्ट शिवतात आणि व्हिडिओ पाठवतात. ते तंत्र आपल्या उलट आहे: फ्लॅनेलच्या चौकोनांच्या शिवणी मुद्दाम वरच्या बाजूला ठेवून, त्यांना अर्ध्या इंचाहून कमी अंतरावर कात्रीने चिरे देऊन, धुऊन त्यांचे झुपके काढतात. आत भरण घातलं तर ते चौकोनापेक्षा चारही बाजूंनी इंचभर लहान कापतात, म्हणजे शिवणीत येत नाही. इथे करून बघायचं तर सैल विणीचं जाड सुती कापड घ्या. जुनी साडी नको, तिचे झुपके येत नाहीत, नुसते धागे सुटत जातात. पहिलं धुणं बादलीतच करा, कारण त्यात इतके धागे निघतात की यंत्राची जाळी तुंबते.

शेवटी गोट. गोधडीचं सगळ्यात आधी काय जातं तर कड, त्यातही डोक्याकडची, जिथे रोज हात धरतो आणि तेल लागतं. गोटाला पॉपलीनसारखं घट्ट विणीचं, गडद रंगाचं आणि आधी दोनदा धुतलेलं सुती कापड घ्या. सरळ कडेला उभ्या धाग्यातली पट्टी टिकते, कोपरे गोल केले असतील तरच उरेब पट्टी लागते. पट्टी कापताना डोक्याकडच्या बाजूपुरती एक जादा कापा आणि गोधडीच्या मागच्या अंगाला कडेलगत लांब टाक्यांनी टाचून ठेवा. ती गोधडीबरोबरच धुतली जाईल, तिच्याबरोबरच आटेल आणि विटेल. चार-पाच वर्षांनी मूळ गोट फाटला की टाके उसवून तीच लावायची, रंग शोधत बाजारात हिंडावं लागत नाही.